तीन खाटा बिबडे आणि एक लांडगीण

मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझी हकीकत तुमच्यातल्या एकालाही खरी वाटणार नाही, हे आधीच पैजेवर सांगते. नका मानू. पारोळ्यात मी नऊ वर्षं घरोघर फिरले. तिथंही कुणी मानली नाही, पण अर्ध्यातून उठूनही कुणी गेलं नाही.

माझं नाव 'सोनदरीचे लांडगे'. सोनदरी हे एक लहानसं गाव. तिथल्या तेलघाणीवाल्या घराण्यातली माणसं दिवसा सरळ माणसांसारखी वागतात, उधारीवर तेल देतात, आरतीला टाळ वाजवतात, आणि पौर्णिमेला लांडगे होतात. त्या घरातल्या मधुकरवर पोस्टातली वासंती जीव लावून बसते. झाली का पंचाईत? तीच पंचाईत माझ्या पोटात दोनशे आठ पानं भरून होती.

मित्रांनो, माझा जन्म धुळ्याच्या एका छापखान्यात एकोणऐंशी साली झाला. माझं पाचवं प्रकरण जुळवताना खिळे जुळवणाऱ्याच्या मनगटापर्यंत केस उगवले आणि प्रकरण छापून होताच झडले. तिथून मी पारोळ्याच्या बाजारपेठेत ज्ञानचंद शेठजींच्या दुकानात आले. पुढे वह्या आणि शाईच्या दौती, मागे भाड्यानं द्यायच्या पुस्तकांचं कपाट. दुकानातली मांजर सगळ्या पुस्तकांवर झोपायची, माझ्यावर कधी नाही. दर पौर्णिमेला माझ्या पुठ्ठ्यावर बारीक लव उभी राहायची. शेठजी तिला बुरशी म्हणायचे आणि मला उन्हात टाकायचे.

एक विनंती आहे. पुढे बोलण्याच्या भरात विसरेन, म्हणून आत्ताच करून ठेवते. पुस्तकाचं पान दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, आणि काही झालं तरी शेवटची पानं फाडू नका. का, ते कळेलच.

रूप बदलायची विद्या लांडग्यांपेक्षा मलाच जास्त अवगत होती. माझ्यासारखं पुस्तक उघडपणे कोण घरी नेणार? म्हणून शेठजी मला खाकी कागदाचं कव्हर घालायचे आणि वर सुवाच्य अक्षरात दुसरंच नाव लिहायचे. मी 'चौथीचे गणित' झाले, 'लोणची व मुरंबे' झाले. एकदा तर 'श्रावणातील व्रते' होऊन देवघरात आठ दिवस राहिले आणि रोज हळदकुंकू घेतलं.

मग शेठजींच्या आईनं, सज्जनबाईंनी, मला एका दुपारी चष्मा लावून वाचलं. दोनशे आठही पानं वाचली, आणि शेवटची सोळा फाडून चुलीत घातली. शेवट कळल्यावर त्यांना तो पटला नाही म्हणून, की तो दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तो जाळ कोल्हेकुई करत धुराड्यातून गेला, हे मात्र अर्ध्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून मी 'वासंतीने दार उघडले आणि समोर' इथंच संपते.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला हिलाल दुकानात आला. म्हणाला, "बायकोसाठी काही वाचायला द्या, पण घरी आई आहे." शेठजींनी मला 'कपाशीवरील रोग' करून त्याच्या हातात ठेवलं.

त्याची बायको कुंदाबाई शिंदखेड्याची. नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळा सुटलेल्यालाही घरून अभ्यास करून दहावीला बसता येतं, हे तिला कळलं होतं. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, सुटी लागायच्या आत जुन्या शाळेचा दाखला आणून दे, जूनमध्ये फॉर्म भरू. तिनं सासूला, भिकुबाईंना, एकदा विचारलं. भिकुबाई म्हणाल्या, "घरमा काय कमी पडनं तुले?" हिलालकडे पाहिलं तर तो म्हणाला, "माय म्हनी तसं." विषय संपला. माहेरहून मागवलेला दाखला कुंदाबाईनं माझ्या एकशे बाराव्या पानात ठेवला आणि वर मला मिटून टाकलं. मी त्या कागदाला जपलं, मित्रांनो. त्याची घडीसुद्धा मोडू दिली नाही.

ते दिवस बिबड्यांचे. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा भल्या पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत खाटेवरच्या ओल्या धोतरावर त्याचे पापडासारखे पातळ बिबडे थापून वाळत ठेवायचे. आज मंजुळाबाईंच्या अंगणात, उद्या सुगंधाबाईंच्या, परवा आणखी कुणाच्या, अशा गल्लीतल्या साऱ्या जणी पाळीनं एकमेकींकडे जायच्या. कुंदाबाईचा पहिला बिबडा भाकरीएवढा जाड झाला. भिकुबाईंनी तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि सुनेच्या हातात काठी दिली. "तू कावळा हाकल," म्हणाल्या.

म्हणून तिचा एक हात रिकामा होता. त्या हातात मी आले.

पहिल्या दिवशी तिनं हळूच वाचायला घेतलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच व. कपाशीना रोग आमले बी कळू दे." कुंदाबाईनं मोठ्यानं वाचलं, आणि दुसऱ्याच पानावर मधुकरला शेपूट फुटलं.

"हाऊ कोनता रोग शे व माय?" मंजुळाबाई थांबल्या. हात घाट्यात तसाच.

पण वाचू नको म्हणून कुणी अडवलं नाही. चार दिवसांत अंगणात दोन तट पडले. मंजुळाबाई म्हणायच्या, "त्या वासंतीले लगीन कराले मानूस भेटना नही का?" त्यावर सुगंधाबाई, "लांडगा मैनामा एकच दिन लांडगा ऱ्हास. मना नवरा तीसही दिन शे." साऱ्या जणी इतक्या हसल्या की ओळभर बिबडे वाकडे झाले. भिकुबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांचं लक्ष धोतरावर. मध्येच म्हणायच्या, "कावळा हाकल आनी पुढलं वाच."

त्या अंगणात मला माझी लय सापडली होती. एक खाट भरेपर्यंत माझी पाच पानं उलटायची, रोज, बिनचूक. मी ती मोजत असे. आणखी कुणी मोजत असेल, असं काही मला वाटलं नाही.

शेवटची पाळी भिकुबाईंच्याच अंगणात आली. शाळेला सुटी लागायला दोन दिवस उरले होते, आणि माझी उरली होती फक्त दोन पानं. पहिली खाट मांडायच्या आतच ती वाचून झाली.

"वासंतीने दार उघडले," कुंदाबाईनं वाचलं, "आणि समोर..."

पुढे नुसता पुठ्ठा. तिनं तो पाहिला. मग अंगणाकडे पाहिलं. सात जणींचे हात थांबलेले. तिनं माझ्या एकशे ब्याण्णवाव्या पानावर नजर रोवून बोलायला लागली.

"समोर मधुकरची आई उभी होती. घरातली सर्वांत थोरली लांडगीण. ती म्हणाली, पोरी, तुला आम्ही लांडगीण करणार नाही. दात आमच्या घरात पुष्कळ आहेत, अक्षर एकाकडेही नाही. तू पोस्टाची मोठी परीक्षा दे. तू वाचत बसशील तोवर दाराशी मी राखण करीन."

मी जन्मभर थापा मारल्या, मित्रांनो, पण ही ऐकून माझ्या शिवणीचा दोरा ताठ झाला. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबायची भीती वाटत होती. थांबली की गोष्ट संपली, आणि गोष्ट संपली की हातात नुसती काठी. तिनं लांडगीण परीक्षेच्या गावापर्यंत सुनेच्या मागून चालवली. वाटेतली कुत्री पळवली. परीक्षेच्या खोलीबाहेर तिला चिंचेखाली बसवली. एक खाट भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. सुगंधाबाई हात घाट्यानं भरलेले म्हणून कोपरानं डोळे पुसत होत्या.

"कुंदा," भिकुबाई म्हणाल्या. वर न बघता. "तीन खाटा भराई ग्यात. पान एक बी फिरनं नही."

एका कावळ्यानं निवांत एक बिबडा उचलला.

"मी आंगठाबहाद्दर शे, आंधयी नही. रोज खाटले पाच पानं फिरतस. ती लांडगीण नही बोलनी. तू बोलनी."

कुंदाबाईनं मला घाईनं मिटलं, आणि तेवढ्या घाईत दाखल्याचा कोपरा बाहेर आला. भिकुबाई उठल्या. पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी नीट पुसले, कागद ओढून काढला आणि उलटा धरून बघितला.

"आनी हाऊ? हाऊ बी लांडगीणना शे का?"

"मना शाळाना दाखला शे, आत्या."

भिकुबाईंनी कागद होता त्याच घडीवर मिटला.

"मंग लांडगीणना तोंडे कसाले सांगं? मी इतली वाईट शे का?" त्यांनी काठी मंजुळाबाईंच्या हातात दिली. "सुगंधा, चौथी खाट तुम्ही भरा. कुंदा, लुगडं बदली ले. बाई शाळामा किती वाजालोंग ऱ्हास?"

"बारा," कुंदाबाई म्हणाली.

"चाल मंग." दाखला पदराच्या गाठीला बांधत भिकुबाई उंबऱ्याशी थांबल्या आणि माझ्याकडे बोट करून खालच्या आवाजात म्हणाल्या, "आनी वाटमा माले खरं सांग. त्या पोरनी दार उघाडं, तव्हय समोर कोन व्हतं?"