तासाभराचं मत

"आहे का आणखी कोणी?" मतदान घेणाऱ्या कॅप्टन दियोननं पुन्हा विचारलं आणि टेबलावरचं घड्याळ उचलून कानाशी धरलं.

मत मोठ्यानं सांगायला चर्चसमोरच्या लाकडी मंचावर कोणी चढेना. तेओफील गोद्रो खुर्चीत ताठ बसला होता. ताठ म्हणजे इतका, की जरा सैल झाला असता तर घसरून खालीच पडला असता. समोर सेंट लॉरेन्स नदी नुसती उसळत होती. ईशान्येचा वारा सकाळपासून सुटला होता तो थांबायचं नाव घेईना. पलीकडच्या बेटावर तेओफीलचे मतदार होते, झाडून सगळे त्याचेच. पण या वाऱ्यात होड्या लावायच्या कुठे? अलीकडच्या काठाला नुसते खडक. धक्काच नव्हता.

धक्का का नव्हता, हा प्रश्न तेओफीलला आज अजिबात नको होता.

धंद्यानं तो नोटरी. गावातली निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं त्यानंच कागदावर उतरवलेली. गेली बरीच वर्षं क्वेबेकच्या सभागृहात या भागाचा प्रतिनिधी. सभागृहाबाहेर आपण कोण, हे त्यानं कधी मनाला विचारलंच नव्हतं, आणि आता मन आपणहून विचारायला लागलं होतं. तो तीन मतांनी मागे होता. कायदा असा, की तासाभरात एकही मत पडलं नाही तर मतदान संपलं. विरोधी उमेदवार टॉलबर्टच्या माणसांनी तशी रीतसर मागणीही केली होती. तो टॉलबर्ट, लाकडाचा व्यापारी, खुशाल सफरचंद खात बसला होता. कचकच आवाज करत!

"धक्का बांधतो म्हणाला, बांधली धक्काबुक्की!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि टोप्या हलेपर्यंत लोक हसले.

दारूगुत्त्याचा मालक पोलिकार्प हा तेओफीलचा उजवा हात. तो वाकून कुजबुजला, "नोटरीसाहेब, एक मत पाहिजे. कुठलंही. मत पडलं की नवा तास सुरू. तोवर वारा पडला तर होड्या येतात."

"मग आण की!"

"आणू कुठून? इकडचे सगळे देऊन मोकळे झाले. तुम्ही तर स्वतःचं पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून दिलंत. राहिले मेलेले. मागच्या खेपेला त्यांच्यातले दोघं येऊन गेले, पण या कॅप्टनला सगळ्या गावाचे अंत्यविधी पाठ आहेत." पोलिकार्पनं नाक खाजवलं. "एक माणूस आहे म्हणा. तुमच्या वहिनी."



वहिनी, उर्स्युल, त्याच्या थोरल्या भावाची विधवा. जमीन तिच्या नावावर, म्हणून मतही तिचं. आणि याच वसंतात चर्चच्या पायरीवर उभं राहून तेओफीलनं सगळ्या गावाला सांगितलं होतं, "बायका म्हणजे फुलं. मतदानाच्या रेटारेटीत फुलं चिरडतात. निवडून आलो की बायकांचं मत बंद करायचा कायदा करू." टाळ्या काय पडल्या होत्या!

तो उठला आणि चालत सुटला. पळालो तर लोक हसतील, या धास्तीनं तो जे काही करत होता त्याला चालणं म्हणणंही कठीण होतं.

वहिनी परसात पिंपाशी उभी राहून वाम मासे खारवत होती. याच वामा विकून तिनं पोरक्या दिराला शिकवलं होतं.

"वहिनी."

"चिखलाचे पाय घेऊन पुढे येऊ नकोस."

"वहिनी, मत द्यायला चल. वेळ नाही गं."

"मी?" तिनं बुळबुळीत हात त्याच्या नाकापुढे धरले. "मी तर फूल. घे वास, आणि सांग कुठलं ते."

"ते भाषण होतं. भाषणात बोलतात तसं."

"मी समोरच उभी होते, तेओफील. शेजारीण माझ्यापासून अशी सरकली, जसं काही मला देवी आल्यात."

चर्चच्या बाजूनं एकदम आरडाओरडा झाला आणि तेओफील गर्रकन वळला. संपला तास? नाही, नुसता हशा होता.

वहिनी त्याच्याकडे बघत होती. "तुला माझं मत हवंय, का मी त्या मंचावर चढायला हवीय?"

"दोन्ही एकच ना?"

तिनं एप्रन काढून पिंपावर टाकला आणि निघाली.

ती मंचावर चढली तेव्हा कॅप्टननं घड्याळाकडे पाहून आधीच तोंड उघडलेलं होतं. ते त्यानं मिटलं.

"ही बाई आहे!" टॉलबर्टचा एक माणूस ओरडला.

"मला दिसतंय," कॅप्टन म्हणाला. "विधवा आहेत, जमिनीच्या मालक आहेत. कायद्यात बसतात. बोला मादाम, मत कोणाला?"

तेओफीलनं डोळे मिटले.

"टॉलबर्टना."

असा गलका उठला की चर्चवरची कबुतरं उडाली. टॉलबर्टच्या लोकांनी टोप्या उडवल्या. तेओफीलला वाटलं, आत्ता इथेच फळ्या दुभंगाव्यात आणि आपण खाली जावं.

"मत नोंदलं," कॅप्टननं घड्याळ टेबलावर ठेवलं. "नवा तास सुरू."

टॉलबर्टचं सफरचंद तोंडाशी थांबलं. पोलिकार्प आधी खुदकन आणि मग गडगडून हसायला लागला.

वहिनी तेओफीलजवळून जाताना थांबली. "धक्का बांधतो असं दोनदा म्हणालास. म्हणून मत त्याला. तास तुला. पुरला तर पुरव."

तो तास! तेओफील नदीकडे बघायचा, घड्याळाकडे बघायचा, मग वाऱ्यानं फडफडणाऱ्या निशाणाकडे. निशाण जरा लोंबलं की त्याच्या जिवात जीव यायचा, फडकलं की जायचा. शेवटी ते लोंबलं ते लोंबलंच. पहिली होडी काठाशी आली, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उड्या टाकून निथळत वर आली, आणि मंचाच्या फळ्या ओल्या झाल्या. तेओफील जिंकला.

पुढे क्वेबेकच्या सभागृहात त्यानं दोन कामं केली. भांडूनतंडून धक्क्याचे पैसे मंजूर करून आणले. आणि बायकांचं मत बंद करायचं विधेयक आलं, त्याच्या बाजूनं सगळा पक्ष उठून उभा राहिला, तेव्हा तोही उभा राहिला. बसून राहायचा विचार त्यानं केला नव्हता असं नाही. पण शेजारचा उठला, पलीकडचा उठला, आणि गुडघे आपोआप सरळ झाले.

पुढच्या निवडणुकीला वारा नव्हता आणि खुर्चीची धाकधूकही नव्हती. बेटावरची माणसं कोरड्या पायांनी येत होती. तरी रांगेत पुरुषांच्या मध्ये वहिनीचा पांढरा रुमाल दिसला आणि तेओफील खुर्चीच्या कडेला सरकला. घरी जा, तो मनातल्या मनात म्हणत राहिला. वहिनी, घरी जा. ती एकेक पाऊल पुढे येत राहिली.

"मादाम," कॅप्टन हळूच म्हणाला, "आता कायदा..."

"ठाऊक आहे." तिनं तेओफीलकडे पाहिलं. "धक्का चांगला बांधलास." मग शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "उर्स्युल गोद्रो. विधवा. जमीन स्वतःची. मत तेओफील गोद्रोला."

कोणी हसलं नाही. लेखनिकानं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननं तेओफीलकडे. तेओफीलनं धक्क्याकडे.

लेखनिकाची लेखणी कागदाच्या वर तशीच थांबून राहिली.

"पुढचा," कॅप्टन म्हणाला.

मागच्या माणसाला चढता यावं म्हणून वहिनी बाजूला झाली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली उतरली.