मेंढरांत मोजलेली बोट

"मामा, इंजिन बंद का केलं? मासा तिकडं चाललाय!" जयराज ओरडला. त्याच्या हातातला रॉड पार वाकला होता आणि खडस मासा दोरा ओढत खोल पाण्याकडं निघाला होता.

"म्या न्हाई केलं सायेब, त्येचं त्येनंच केलं," बिराप्पा इंजिनाची दोरी खेचत म्हणाला.

एकदा खेचली, दोनदा खेचली. इंजिन घरघरलं, धूर सोडला आणि गप्प झालं. तेवढ्यात दोरा तुटला. मासा गेला तो गेलाच, वर जयराजचा लांबून मागवलेला गळही घेऊन गेला. जयराज फलटणकडचा ऊसवाला, पस्तिशीचा, हाताचा सढळ. महिन्यातून एकदा धरणावर यायचा, मासा धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. एवढा खर्च करून मासा सोडून देणारी माणसं असतात, हे काठावरच्या गावाला अजून पचलेलं नव्हतं.

बिराप्पानं वल्ही काढली. वारा तोंडावर होता. वल्हवता वल्हवता तो सारखा मागं वळून इंजिनाकडं बघत होता, तापानं फणफणलेल्या पोराकडं बघावं तसं.

"काय झालं असेल?"

"गिअरात पाणी शिरलंया. दात गेलं आसतील."

"मग किती जातील?"

बिराप्पानं वल्ह्याचा जोर वाढवला. मनात मात्र आकडा मांडून झाला होता. दहा मेंढरं.

होय, त्याचा हिशेब मेंढरांतच चालायचा. त्याला काय करणार? आटपाडीकडच्या कोरड्या रानात, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरात जन्मलेला माणूस. पलटणीत गेला आणि नशीब बघा, तिथं त्याला पाण्यात घातला. नद्यांवर पूल बांधणाऱ्या तुकडीत बोटी चालवायला लावलं. गावात टँकर आला की हंड्यांची रांग लागायची, आणि हा पठ्ठ्या तिकडं छातीएवढ्या पाण्यात! ते पाणी अंगात भिनलं ते भिनलंच. पेन्शनीत आल्यावर त्यानं साताऱ्याच्या डोंगरातल्या धरणावर माशांच्या शौकिनांसाठी बोट घातली. बोट घेणं सोपं होतं. पोसणं अवघड. दगडाला लागून इंजिनाचा पाण्यातला पंखा तुटला, गेली दोन कोकरं. लाइफ जॅकेटं उसवली, गेला एक बकरा. विमा, परवाना, रंग, पावसाळ्यात वर काढायला ट्रॅक्टर, सगळं चार पायांवर चालत घरातनं बाहेर पडलं.

आणि जिवाला स्वस्थता म्हणून नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज खाली सरकायचं, की बोट रोज खाली ओढायची. नाही ओढली तर चिखलात रुतलीच म्हणून समजा. त्यामुळं कुणाच्या लग्नाला जायची चोरी, कुणाच्या मयतीला जायची चोरी. वारा सुटला की हा जेवणावरून उठायचा आणि दोर तपासायला धावायचा.

साताऱ्याच्या मेस्त्रीनं इंजिन उघडलं आणि बिराप्पाच्याच आकड्यावर शिक्कामोर्तब केलं. दुसऱ्याच दिवशी बिराप्पा एसटीनं गावाकडं गेला.

बायको धोंडुबाई रानातच होती. एका शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती, भोवती जाळीची वाघर लावली होती. तिनं चुलीवर चहा टाकला. बिराप्पा कप घेऊन इकडून तिकडं फेऱ्या घालायला लागला.

"बसा की. उभ्याउभ्या काय पिताय?"

"बसतो की," तो म्हणाला आणि बसला नाही.

"किती?" धोंडुबाईनं विचारलं.

"काय किती?"

"आवं, सुगीला येत न्हाई, सणाला येत न्हाई. आज आलाय त्ये काय माजं त्वांड बघाय? किती लागत्यात?"

"धा."

धोंडुबाईनं काटक्या चुलीत सारल्या. मग तिचा तोल गेला. "मेंढरं खात्यात, पर लेंडी तरी टाकत्यात! आमच्या रानात बसवा म्हणून लोकं हात जोडत्यात. तुमची ती भवानी नुस्ती खाती. खाती आन तुमाला नाचवती!"

"औंदा गिऱ्हाइक वाढलंया गं. म्होरल्या साली..."

"म्होरलं साल ऐकून कान किटलं माजं. मी कवा न्हाई म्हनले का? आता बी म्हनत न्हाई. जावा, तुमच्या हातानं धरा धा."

बिराप्पा वाघरीत शिरला. एक मेंढी धरली. "गाबण हाय ती," बाहेरून आवाज आला. ती सोडून दुसरी धरली. "ती म्होरकी. ती गेली तर बाकीची पाय उचलायची न्हाईत." तिसरीकडं वळला, तर सगळी मेंढरं भेदरून पलीकडच्या कडेला दाटली. हा एक पाऊल पुढं गेला की ती आणखी मागं सरत. बिराप्पाच्या बापानं सांभाळलेल्या मेंढ्यांची ती पिलावळ, आणि ती त्याला खाटीक समजून बिचकत होती. तसं बघितलं तर त्यांचं काय चुकलं? हा घरी यायचा तो विकायला मेंढरं धरायलाच.

तो रिकाम्या हातानं बाहेर आला.

"बोट इकतो," तो म्हणाला.

धोंडुबाईला हसू यायला पाहिजे होतं, पण ती घाबरली. "आन तुमी काय करणार? घरात ऱ्हाणार? दोन दिस तरी एका जाग्याला निघत्यात का तुमाला?"

चुलीपाशी गार झालेला चहा बिराप्पानं उभ्याउभ्याच संपवला.

बोट जयराजनंच घेतली. घासाघीस केली नाही. नवंकोरं इंजिन आणलं आणि म्हणाला, "मामा, बोट माझी, पण चालवायची तुम्हीच. महिन्याच्या महिन्याला पगार देतो." बिराप्पा लगेच हो म्हणाला. इतकी घाई का केली म्हणून मग काठावरच्या आपल्या खोलीवर येईस्तोवर स्वतःलाच शिव्या घालत राहिला.

पहिल्याच रविवारी जयराज मित्रांना घेऊन आला. इंजिनाला हातही त्यानंच घातला. हौस! बोट सुसाट निघाली.

"सायेब, जरा उजवीकडनं घ्या. हितं खाली झाडांचं बुडखं हायती."

"कळतंय हो मामा!"

खट्ट.

बिराप्पा ताडकन उठला. मित्र हसले. जयराजही हसला. "बसा हो! नवा पंखा टाकू. तुम्ही आता कशाला जीव टाकताय? तुमच्या खिशातनं थोडंच जाणार आहे?"

खरं होतं ते. खिशातनं दमडीही जाणार नव्हती. छाती हलकी व्हायला पाहिजे होती, आणि तिथं तर आत काहीतरी तुटलं होतं. बिराप्पा गिऱ्हाइकांच्या फळीवर बसला आणि बोट काठाला लागेपर्यंत पाण्याकडं बघत राहिला.

गाड्या गेल्या. पंखा बदलून झाला होता. जुना टाकून द्या, असं जयराज जाताना सांगून गेला होता. काठावर पोतं अंथरून बिराप्पानं तो पंखा मांडीवर घेतला आणि चेपलेल्या पात्यावर कानस धरली. तेवढ्यात धोंडुबाईचा फोन आला.

"झालं न्हवं काम? आता तरी जिवाला घोर न्हाई न्हवं?"

"न्हाई," बिराप्पा म्हणाला. "आता घोर सायबाला."

"मग कसला आवाज येतोय?"

"कुटं काय," म्हणत त्यानं फोन खाली ठेवला. दिवस मावळत आला होता. त्यानं पात्याची कड अंगठ्यानं चाचपली, अजून खरखरीत लागत होती. तो पुन्हा घासायला लागला.