वीस इंचाची गल्ली

"आवो सर, ट्रॉली बारा इंचाची आन् गल्ली नऊ इंचाची! जाईल कशी? डोक्यावर घेऊन?"

पाना हातात धरून ईश्वरप्पा ओरडला. सकाळपासून तिसऱ्यांदा! लातुरात बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं सीटा बसवलेल्या. टू बाय टू असो, टू बाय थ्री असो, झोपेत बोल्ट आवळेल असा गडी. देविदास सरांनी विमानात नोकरीला लागणाऱ्या पोरींसाठी क्लास काढला आणि सरावाला पत्र्याच्या शेडात विमान करायचं म्हणून ह्यालाच बोलावलं. बोली एकच. मजुरी नाही, पण ईश्वरप्पाची लेक राजकन्या पहिल्या बॅचमध्ये.

आता शेड आतून बारा फूट रुंद. म्हणजे बरोब्बर लहान विमानाएवढं! तीन सीटा इकडं, तीन तिकडं, मधून वीस इंचाची एकच गल्ली. मोबाईलवर नकाशे बघून बघून ईश्वरप्पानं पहिल्याच दिवशी खडूनं फरशीवर आखूनसुद्धा ठेवलेलं. पण सरांनी बॅनर आधीच छापून आणलेला ना! 'मराठवाड्यातलं पहिलं दोन गल्ल्यांचं विमान.'

"सर, दोन गल्ल्यांचं विमान आतून अठरा-वीस फूट असतंय. तीन-चार-तीन बसत्यात त्यात."

"मग आपण दोन-दोन-दोन करू की!"

"आन् इंच कुठून आणू? सहा सीटा, हात टेकायचे नऊ दांडे, उरलं अठरा इंच. दोन गल्ल्या म्हणजे नऊ-नऊ!"

"ईश्वरप्पा, तुम्ही लई डोकं लावून राहिले. बसवा म्हटलं की बसवा."

बसवलं. काय करतो बिचारा! पण इतका चिडून, की दाराजवळच्या सीटमागं सवयीनं 'महिलांसाठी राखीव' रंगवून मोकळा झाला. ते खरवडण्यात अर्धा तास गेला, आणखी चिडला.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी राजकन्या आली. सरांनी हैदराबादेहून विमानात चहा-जेवण वाढायची खरी जुनी ट्रॉली आणलेली. पोरीनं ती ढकलली आणि पहिल्याच सीटला खाड! मग ट्रॉली सोडून हातात ट्रे घेतला, अंग आडवं वळवलं, आणि खुब्याला दांडे लागत लागत शेवटच्या रांगेपर्यंत सरकली.

सर खूश! "जमतंय की! पोरींना आडवं चालायला शिकवू. ट्रॉली फोटोपुरती."

ईश्वरप्पाच्या कानशिलातून जाळ निघाला. "उद्या मुलाखतीत पोर खेकड्यावाणी चालंल, लोक हसतील. तवा तुम्ही असणार का तिथं?"

"बोल्टाला हात लावला तर हिचं नाव बॅचमधून काढीन. सांगून ठेवतो."

सर निघून गेले. ईश्वरप्पा बोल्टाकडं बघतोय, पोरीकडं बघतोय. दोन वर्षं झाली, ही पोर चूल-भांडी उरकून आरशापुढं 'नमस्कार, आपलं स्वागत आहे' म्हणत उभी राहते.

राजकन्याच खाली बसली. "अप्पा, तेराचा पाना द्या."

"नाव जाईल गं, माय."

"पंधरा पोरी शिकणार हायत इथं. समद्याच आडव्या चालणार का?"

पाचही रांगा उकलल्या. मधल्या जोडीतली एक सीट इकडं जोडली, एक तिकडं. दिवस मावळायच्या आत खडूच्या जुन्या रेघेवर विमान बसलं.

सकाळी सरांनी बघितलं आणि चेहरा पडला. पण पाहुणे दारात, आता काय उकलणार? खिशातून पेन काढलं आणि यादीतल्या एका नावावर तेवढी रेघ मारली.

दोघं बापलेक शेडाबाहेर उभे. वर दोन गल्ल्यांचा बॅनर तसाच फडफडतोय. ईश्वरप्पानंच प्लायवुडमध्ये कापलेल्या लांबट गोल खिडकीतून राजकन्या आत बघत होती. दीपमाला नावाची पोरगी ट्रॉली घेऊन निघाली. सरळ, ताठ, थेट शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या.

"अप्पा, कुठंच घासली न्हाई."

"घासंल कशी? वीस इंच हाय." ईश्वरप्पानं पान्यांची पिशवी खांद्याला लावली. "चल."

राजकन्या हलली नाही. दोन्ही हात खिडकीच्या काठावर, ट्रॉलीची मूठ धरावी तसे घट्ट.

"थांबा जरा. ट्रॉलीचा ब्रेक कोणत्या पायानं दाबती ते बघू द्या."