पुन्हा मागायला

"या, या. तुमचीच आठवण काढत होतो," जकात फंडाचे सेक्रेटरी खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले.

शिलाईवालीने दाराशी चपला काढल्या. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी रेडिमेड कपड्यांचं दुकान आलं आणि तिचं शिलाईचं मशीन कामाविना बसलं. ट्रक चालवणारा नवरा मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्याच्याही आधी बसला होता. घरातलं किडुकमिडुक केव्हाच विकून झालं होतं.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

"बोलायचंच आहे. आत चला."

आत सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. भिंतीशी नवी मशिनं, अजून खोक्यांत. सेक्रेटरी भला माणूस. जकात, म्हणजे श्रीमंतांच्या शिलकीतला हा गरिबांचा धर्माने ठरलेला हक्काचा वाटा, नुसता धान्य वाटण्यात संपू नये, त्यातून एकेक घर उभं राहावं, घराघराने हा सगळा भाग वर यावा, हा त्यांचा ध्यास होता.

"आज घेताय, उद्या तुम्हीच द्याल," ते बायकांना म्हणाले. "आणि ही नुसती बडबड नाही. आपलं पहिलं मशीन या आपांना दिलं. पुन्हा मागायला आल्या नाहीत."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पुढेच बसलेल्या एका पोरगेल्या बाईने मांडीवरचं मूल सावरत विचारलं, "आपा, खरंच भागतं का हो यावर?"

शिलाईवालीने भिंतीशी असलेल्या खोक्यांकडे पाहिलं. खरं बोलावं, तर ती खोकी कदाचित उघडायचीच नाहीत. खोटं बोलावं, तर स्वतःसाठी तोंड उघडायची सोय उरणार नव्हती.

"भागतं," ती म्हणाली. "हात चालता ठेवायचा."

ती बाई हसली. शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?"

निघताना सेक्रेटरी दारापर्यंत आले. "तुमचं काहीतरी बोलायचं राहिलं ना?"

"राहू द्या. खास काही नव्हतं."

घरी नवरा भिंतीला टेकून वाट बघत होता. "काय म्हणाले?"

"चहा दिला. सगळ्यांसमोर कौतुक केलं."

"आणि?"

"पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. भाषण करायला."

नवऱ्याला हसू फुटलं. मग तिलाही. हसणं ओसरल्यावर त्याने पाय लांब केले. तिने त्याच्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवली आणि अंधारून आलं तरी दिवा न लावता त्याच्याशेजारी बसून राहिली.