शोकाकुल मित्रपरिवार

दिंद्रुडच्या मावससासूंचा फोन आला, तेव्हा शर्वा आईच्या मांडीवर बसून वरणभात थुंकत होती.

"असं कसं गं झालं, शिवकन्या?" मावशी फोनवरच रडायला लागल्या. "माजलगावच्या चौकात शर्वाचा फ्लेक्स लागलाय म्हणं!"

शिवकन्येनं आठ महिन्यांच्या पोरीच्या छातीवर हात ठेवला. धडधड चालू होती. पोरीनं वरणाचा पंजा आईच्या गालाला पुसला, तरी तिनं हात काढला नाही.

मग तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि पायात चप्पल सरकवली.

"लेकराला कशाला नेतीस?" सासूबाई ओरडल्या.

"गावाला दिसू द्या, जिती हाय म्हणून!"

चौकात फ्लेक्सच्या दुकानासमोर, दोन खांबांना छातीएवढ्या उंचीवर शर्वा बांधलेली होती. कृष्णधवल चेहरा, डोळे मिटलेले, भोवती झेंडूची फुलं. वर 'कै. कु. शर्वा', खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: समस्त मित्रपरिवार.'

चित्र शिवकन्येनंच रंगवलेलं होतं. तिची मैत्रीण, सत्तारभाईंची लेक लुबना, फोटो स्टुडिओ चालवायची, माणसांचे फोटो काढायची. त्या फोटोंवर शिवकन्या स्वप्नात दिसावं तसं काहीतरी रंगवायची. विमलबाईंच्या अंबाड्यात सुगरणीचं घरटं, यासीन मेकॅनिकच्या मिशीला सायकलची चेन. दोघी हसून हसून लोळायच्या. झोपलेल्या शर्वाभोवती तिनं झेंडूचे ग्रह फिरवले होते. दोघींच्या रविवारच्या प्रदर्शनासाठी तेच चित्र फ्लेक्सवर घ्यायचं ठरलं होतं.

"त्रिंबकभाऊ! कुणी मेलंय का माझ्या घरात?"

दुकानातून त्रिंबक बाहेर आला. कडेवरची पोर बघून त्याचा चेहरा उतरला. "ताई, फाईलवर नाव होतं शर्वा. मजकूर न्हवता. डोळे मिटलेले, भवती झेंडू, वर 'अर्जंट' लिहिलेलं. श्रद्धांजलीबिगर अर्जंट दुसरं काय असतंय हो आमच्याकडं?"

"आन् मित्रपरिवार? आठ महिन्याच्या लेकराला मित्रपरिवार कुठला?"

"ते तयारच असतंय, ताई."

इतक्यात लुबनाची स्कूटी आली. फ्लेक्स वाचून तिनं तोंडावर ओढणी दाबली. खांदे हलत होते. रडत नव्हती ती.

"हसतीस?" शिवकन्येचा आवाज फाटला. "हितं माझ्या लेकीला मारलं, आन् तू हसतीस?"

लुबनाची ओढणी खाली आली. "मजकूर मी पाठवणार होते. रात्री राहून गेलं. चूक माझी हाय, शिवा."

शिवकन्येनं दुकानातलं कटर उचललं आणि पोर कडेवर असतानाच फ्लेक्समधून शर्वाचा चेहरा गोल कापून काढला. मग त्रिंबककडे वळली. "आता तुमी घाला डोकं हितं. हिचा कॅमेरा हायच. निघू द्या फोटो!"

त्रिंबक दोन पावलं मागं सरला. "न्हाई, ताई. माझ्याबी घरी लेकरं हायत."

"मग माझ्या घरी काय हाय?"

लुबनानं गळ्यातला कॅमेरा काढून शिवकन्येच्या हातात कोंबला, फ्लेक्सच्या मागं गेली आणि वाकून भोकातून तोंड बाहेर काढलं. भोवती झेंडू, खाली श्रद्धांजली.

"काढ," ती म्हणाली. "माझीच जागा हाय ही."

शिवकन्येनं कॅमेरा उचलला. काचेतून लुबनाचा चेहरा दिसला, हसू दाबून धरलेला, जिवंत. खाली ती अक्षरं.

"निघ तिथून!" ती किंचाळली. त्रिंबकवरही इतकी ओरडली नव्हती. कॅमेरा त्रिंबकच्या हाती देऊन ती मागं धावली, लुबनाचा दंड धरून तिला खेचून काढलं. "अक्कल हाय का तुला? कुठं तोंड घालतीस?"

शर्वा भोकाड पसरून रडायला लागली. शिवकन्येनं एका हातानं दोऱ्या हिसकल्या आणि फ्लेक्स खाली पाडला.

"उद्या रंगवायला फोटो आणू?" लुबनानं हळूच विचारलं.

"तोंड दाखवू नको उद्या."

"परवा?"

शिवकन्या दात ओठ खात फ्लेक्स गुंडाळत राहिली.