जिना चढताना मोज

व्हिडिओचे तुकडे जोडायला घेतले की मावशींचा कॉम्प्युटर बंद पडायचा. दुरुस्तीवाल्याने तिसऱ्यांदा तो आपल्या दुकानातल्या टेबलावर उघडून ठेवला, नुसताच चालू केला आणि वैतागून आकडा दाखवला. "बघा, प्रोसेसर चाळीस अंशांवर. ठणठणीत आहे! उगाच राईचा पर्वत करताय."

मावशी धापा टाकत उभ्याच होत्या. "बसून असले की मीही ठणठणीतच असते, बाबा. जिना चढताना मोज."

तो चपापला. त्याने झाकण लावलं आणि मावशींच्याच व्हिडिओचे तुकडे जोडायला घेतले. बघता बघता आकडा शंभरावर गेला नि स्क्रीन काळी पडली.

"चुकलंच माझं," तो पुटपुटला आणि तिसऱ्यांदा तीन मजले चढून आलेल्या मावशींना त्याने पहिल्यांदा खुर्ची दिली.