मंगळवारचं चांगभलं

अनुजाला दिवसाढवळ्या स्वप्नं बघायची खोड होती, आणि फाउंड्री चालवणाऱ्या माणसाला असली खोड परवडत नाही, असं सगळ्या शिरोली एमआयडीसीचं मत होतं. भट्टीतला लोखंडाचा रस बघत उभी राहिली की हाका मारल्या तरी हलायची नाही. पण बापाला, म्हणजे तिच्या आबांना, विजयसिंहांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि कारखान्याच्या किल्ल्या तिच्याच हातात आल्या. तिनं त्या सांभाळल्या की नीट. माणसं टिकवली, माल वेळेवर दिला. एक वीजबिल तेवढं तिला जुमानत नव्हतं.

बिल आलं की पाठोपाठ पृथ्वीराज यायचा. हा चुलतभाऊ, निम्म्याचा भागीदार. चहा प्यायचा आणि उठताना दर वेळी तेच सांगायचा : दिवाळीपर्यंत हे खाली आलं नाही तर शेड भाड्यानं देऊ, काकांच्या औषधपाण्यालाही बरं पडेल. माणूस वाईट नव्हता हो. हिशेबी होता, आणि हिशेबी माणसाशी धड भांडताही येत नाही.

शेवटी तिनं शाहूपुरीतल्या, कारखान्यांची वीज वाचवून देणाऱ्या दत्तप्रसादला बोलावलं. नाव वाडीच्या दत्ताचं, पण ह्या पठ्ठ्याची सगळी भक्ती मीटरवर. त्यानं भट्टीला एक, कॉम्प्रेसरला एक, वाळूच्या मिक्सरला एक, कोअर, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, भाजायच्या ओव्हनला एक अशी छोटी छोटी मीटरं बसवली आणि सगळ्यांची मिळून एक रेघ अनुजाच्या मोबाईलवर आणून सोडली. रेघेवर बोट टेकवलं की कुठलं मशीन आत्ता किती वीज ओढतंय ते घरबसल्या दिसायला लागलं. रेघेनं आल्या आल्या दोन चोर पकडून दिले. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर उगाच धापा टाकत असायचा, कारण पाइपातून हवा गळत होती. ओव्हन तर तासन्‌तास रिकामीच तापायची. गळती बुजवली, ओव्हन बंद करायची सवय लावली. बिल जरा हललं, पण खाली काही बसलं नाही.

आता त्या दत्तप्रसादाला काय ठाऊक, आपण कुणाच्या हातात काय दिलंय ते! अनुजाला त्या रेघेचा नादच लागला. दुपारी रेघ खाली यायची, आडवी व्हायची, आणि अनुजाला वाटायचं शेड जेवून डोळे मिटून पडलीय. मग मिक्सर फिरायला लागला की ती कूस बदलल्यासारखी हलायची. घरी गेल्यावर आबांच्या उशाशी बसून ती रेघ त्यांना दाखवायची. ही बघा आबा, तुमची भट्टी. आबा बघत राहायचे. एकदा तशीच बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि तिला दिसलं, आबा पांढऱ्या शर्टात त्या रेघेवरून चाललेत. चढ आला की गुडघ्यावर हात टेकून चढतात, उतार आला की पूर्वीसारखे झपाझप जातात, पाय अजिबात ओढत नाही. जाग आली तेव्हा रेघ पुढं सरकत होती आणि आबा पलंगावर होते.

महिना भरल्यावर दत्तप्रसाद पुन्हा आला. त्यानं सगळ्या आठवड्यांच्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या आणि बोट ठेवलं. बाकी सगळीकडं टेकड्या होत्या, पण दर मंगळवारी सकाळी एक डोंगर उभा होता, थेट जोतिबाचा. त्यानं समजावून सांगितलं. महिन्याभरातल्या कुठल्या अर्ध्या तासात तुम्ही सगळ्यात जास्त वीज ओढली, ते वीज कंपनीचं मोठं मीटर लक्षात ठेवतं आणि त्यावर महिनाभराचा आकार लावतं. मंजूर मर्यादा ओलांडली तर वर दंड. म्हणजे बाकीचा महिना काटकसर करा, उपाशी राहा, काही करा, हा एक डोंगर सगळं खाऊन टाकतो.

"मंगळवारी सकाळी होतं काय इथं?" त्यानं विचारलं.

"बघते," अनुजा म्हणाली. आणि मान खाली घातली, कारण तिला चांगलं माहीत होतं काय होतं ते.

सोमवार सुट्टीचा. मंगळवारी सकाळी प्रत्येक गडी आपापल्या बटणापाशी जाऊन उभा राहायचा. भट्टी पहाटेपासून मंद तापवून ठेवलेली असायची. मग विजयसिंह मधोमध येऊन, छाती भरून जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणायचे आणि सगळे एकदम बटणं दाबायचे. भट्टी पूर्ण जोरावर, कॉम्प्रेसर, मिक्सर, ओव्हन, सगळं एका दमात. पत्रे थरथरायचे. कारखाना सुरू झाल्यापासूनचा रिवाज होता तो, आणि असा आठवडा सुरू झाला की अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोला.

झटक्यानं आबांची सगळी भाषा पुसून नेली. पाणी म्हणता येईना, भाकरी म्हणता येईना, बायकोचं नाव नाही, लेकीचं नाव नाही. नुसते ओठ हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग एका मंगळवारी भट्टीवरच्या आकारामनं फोन लावला, गड्यांची आरोळी मालकांच्या कानावर घातली, आणि पलीकडून आबा खणखणीत म्हणाले, "चांगभलं!" डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द फार खोल मुरलेला असतो. तेव्हापासून दर मंगळवारी आई फोन त्यांच्या तोंडाशी धरायची, ते तो एक शब्द बोलायचे, इकडं शेड धडधडायची आणि ती धडधड ऐकून आबा आठवडाभर पुरेल एवढं हसायचे.

आता बोला. डोंगर मोडायचा तर तो क्षण मोडायला पाहिजे. नाही मोडला तर शेड जाणार, म्हणजे तो क्षण तसाही जाणार. अनुजानं आठ दिवस त्यावर काढले आणि शेवटी पळवाट शोधली, माणूस शोधतो तशी. आबा चांगभलं म्हणतील, गडी चांगभलं म्हणतील, पण बटण दाबायचं फक्त ओव्हनचं. ती तापली की कॉम्प्रेसर, त्याची टाकी भरली की मिक्सर, आणि भट्टी सगळ्यात शेवटी जोरावर. आबांना घरबसल्या काय कळतंय? आकारामला हे पटलं नाही, पण त्यानं गड्यांना तसं सांगितलं.

मंगळवारी फोन लागला. आबा म्हणाले, "चांगभलं!" गडी जीव तोडून ओरडले आणि ओव्हनचं बटण दाबलं गेलं. पण ओव्हनला आवाज कुठला असायला? शेडमध्ये चिमण्या ऐकू यायला लागल्या. अनुजा फोन बंद करणार, तेवढ्यात पलीकडून हळूच आवाज आला, "चांगभलं?"

असं विचारल्यासारखं त्यांनी ते कधीच म्हटलं नव्हतं. मग तोच शब्द पुन्हा आला, मोठ्यानं, रागानं, आणि मग एकदम घाबरून, एकापाठोपाठ एक. सगळा जन्म भट्टीपुढं काढलेला माणूस तो. त्याला वाटलं कारखाना बंद पडला.

"ताई," आकाराम म्हणाला, "मालक वाट बघायल्यात की. सांगा त्यास्नी."

अनुजाला स्वतःची लाज वाटली. तिनं फोन दोन्ही हातांत धरला. "आबा, कारखाना चालू हाय. ओव्हन तापाय लागलीय. सगळं एकदम लावलं की बिल लई येतंय, म्हणून एकेक लावायचं. तुम्ही फोन ठेवू नका. मी सांगितलं की म्हणायचं."

पलीकडं आता नुसता श्वास ऐकू येत होता. तिनं फोन साच्यावर टेकवून ठेवला आणि शेजारी बसली. एवढ्या वर्षांत त्या शेडमध्ये मंगळवारची सकाळ अशी शांत कुणी पाहिली नव्हती. पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काठ्या आत उतरल्या होत्या आणि वाळूची धूळ त्यांत सावकाश वर चढत होती. गडी बटणं सोडून खाली टेकले. मोबाईलवरची रेघ चढली, थोडी थांबली, उतरायला लागली. अनुजा आबांना सगळं सांगत राहिली, कोण आलंय, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, भट्टीच्या तोंडाशी प्रकाश कसा दिसतोय. मग म्हणाली, "आबा, आता कॉम्प्रेसर." आबांनी चांगभलं म्हटलं आणि कॉम्प्रेसर धडधडला. मिक्सरला पुन्हा, भट्टीला पुन्हा. आठवड्याला एकदा बोलणारा माणूस त्या सकाळी एकेका मशीनला बोलला, आणि मधल्या वेळात ऐकत राहिला.

मग तसाच रिवाज पडून गेला. मंगळवारचा डोंगर बसला. पुढचं बिल आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि पृथ्वीराज चहा पिऊन शेड भाड्यानं द्यायची गोष्ट न काढता गेला, उलट दत्तप्रसादचा नंबर मागून गेला. गडी आता मंगळवारी चटण्या-भाकरी बांधून आणायला लागले होते, मधल्या वेळात बसून खायला. मालकांशी गप्पा मारायला लागले होते. एकटेच बोलायचे, पण बोलायचे. आबांच्या घशातून अधनंमधनं हुंकार यायचा.

दिवाळीच्या आधीचा मंगळवार होता. ओव्हन तापली होती, कॉम्प्रेसरची टाकी भरली होती आणि मिक्सरची वेळ होत आली होती. गड्यांच्या भाकऱ्या सुटल्या होत्या, एकमेकांना वाढणं चाललं होतं, ठेचा तिखट झाल्याची तक्रार चालली होती. अनुजा सकाळपासून उपाशीच होती, घाईत घरून निघाली होती आणि डबा विसरली होती. कुणाला सांगितलंही नव्हतं. फोनशेजारी बसून ती आपल्या नादात उन्हाकडं बघत होती.

फोनमधून खरखर आली. आबा काहीतरी जुळवत होते. आई मागून म्हणाली, थांब अनू, थांब जरा. गडी उठून फोनभोवती आले.

"जे," आबा म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. "जेव. जेवलीस?"

पलीकडं आई रडायला लागली होती. आबांनी पुन्हा विचारलं, आता जरा दरडावून, पूर्वी विचारायचे तसं.

"न्हाय आबा," ती म्हणाली. "अजून न्हाय."

आकारामनं आपली भाकरी मोडून तिच्या पुढ्यात ठेवली. मोबाईलवरची रेघ केव्हाची खाली आली होती, मिक्सर लावायला काही हरकत नव्हती, पण बटणाकडं कुणीच गेलं नाही. सगळे तिच्या पहिल्या घासाची वाट बघत उभे होते.